जुन्या जीएम ३३८ चा डीएमआर रिपीटर: सिग्नल कुठून काढायचा, कुठे सोडायचा

नमस्कार. तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलं की नाही हे तुम्हालाही कळेल.

तुमच्या क्लबाला एका टॅक्सी सेवेतून उतरवलेले मोटोरोला जीएम ३३८ जातीचे दोन यूएचएफ सेट मिळाले. त्यांना एसटीएम३२ चिपवाला एमएमडीव्हीएम बोर्ड (डिजिटल रेडिओचा मोडेम) आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक जोडून हौशी बँडवर डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) रिपीटर करायचा आहे, म्हणजे एका फ्रीक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर पुन्हा पाठवणारं केंद्र. साधा एफएम आवाज एका सेटमधून दुसऱ्यात खणखणीत जातो. डीएमआर लावलं की बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) सहा ते आठ टक्के, आवाज घागरीत बोलल्यासारखा, आणि चार वेळा पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबलं तर एखाद्या वेळी रिपीटर उठतो. जोडणी तुम्ही मागच्या सॉकेटच्या माइक पिनवर आणि ऑडिओ पिनवर केली आहे, सेटची बाकी प्रोग्रॅमिंग टॅक्सीवाल्यांची होती तशीच ठेवून फक्त फ्रीक्वेन्सी बदलली आहे. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की अ‍ॅनालॉग सेटवर डीएमआर होतच नाही, तयार डिजिटल रिपीटर घ्या.

घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी घेऊ नका. तुमच्याकडचं सगळं हार्डवेअर कामाचं आहे, बिघाड फक्त सिग्नलच्या वाटेत आहे.

आधी तो 'अ‍ॅनालॉग सेटवर होत नाही' हा समज काढू. डीएमआरमध्ये एकाच फ्रीक्वेन्सीवर दोन संभाषणं आळीपाळीने चालतात. प्रत्येक स्लॉट ३० मिलिसेकंदांचा. हातातला सेट त्यातले २७.५ मिलिसेकंद बोलतो, मग गप्प बसतो, पुढचा स्लॉट दुसऱ्यासाठी सोडतो, पुन्हा बोलतो. इतक्या झपाट्याने ट्रान्समीटर चालू-बंद करणं जुन्या अ‍ॅनालॉग सेटला जमत नाही, हे खरं. पण रिपीटरला ते करावंच लागत नाही! रिपीटर एकदा उठला की सलग ट्रान्समिट करत राहतो, दोन्ही स्लॉट एकापाठोपाठ एक, मधल्या २.५ मिलिसेकंदांच्या फटीतसुद्धा स्वतःची माहिती भरून. म्हणजे ट्रान्समीटरच्या दृष्टीने हा एक साधा, न तुटणारा एफएम कॅरियर (मूळ लहर) आहे. तुमचा जीएम ३३८ तेच काम वर्षानुवर्षं करत आला आहे.

दुसरा समज व्होकोडरचा (आवाज आणि बिट यांची अदलाबदल करणारी एम्बी चिप). एम्बी चिप कुठे बसवायची, असं तुम्ही विचारलंय. कुठेच नाही. आवाजाचे बिट आणि बिटांचा आवाज करण्याचं काम बोलणाऱ्या-ऐकणाऱ्याच्या हातातल्या सेटमध्ये होतं. रिपीटर आलेले बिट ओळखतो, चुका दुरुस्त करतो आणि पुढे पाठवतो. तो कानाने ऐकत नाही, म्हणून 'एफएमवर आवाज छान जातो' या तुमच्या चाचणीला इथे काही किंमत नाही.

आता मूळ दुखणं. डीएमआर सेकंदाला ४,८०० चिन्हं पाठवतं. चिन्हं चार प्रकारची: कॅरियर मधल्या फ्रीक्वेन्सीपासून ६४८ हर्ट्झ वर किंवा खाली, नाहीतर १,९४४ हर्ट्झ वर किंवा खाली. बस, इतकंच. मधला फिल्टर धरून या सिग्नलचा पसारा जवळजवळ शून्यापासून २,८८० हर्ट्झपर्यंत जातो. 'शून्यापासून' या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. लागोपाठ दहा-बारा चिन्हं एकाच बाजूची आली, तर तो काही काळ चक्क डीसी असतो.

माइकची वाट कशी असते ते आता आठवा. सुरुवातीलाच ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं जातं. मग प्रीएम्फसिस: दर दुप्पट फ्रीक्वेन्सीला ६ डीबी चढ. मग लिमिटर, जो टोकं छाटतो. मग ३ किलोहर्ट्झला कडक फिल्टर. माणसाच्या बोलण्यासाठी हे उत्तम आहे. चार पातळ्यांच्या सिग्नलला मात्र यातली प्रत्येक पायरी मारक. खालचं कापलं की पातळ्या तरंगायला लागतात, म्हणजे +६४८ कधी +३०० ला दिसतं तर कधी +१,००० ला. समोरच्या सेटला कुठलं चिन्ह होतं ते ठरवता येत नाही. रिसीव्ह बाजूला हेच उलट्या क्रमाने होतं: डीएम्फसिस, पुन्हा ३०० हर्ट्झचा फिल्टर, कारण सबटोन (आवाजाखाली चालणारा ओळखीचा टोन) कानाला ऐकू येऊ नये. आणि वरून स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार.

हा स्क्वेल्चच तुमच्या 'चारातून एकदा उठतो' या तक्रारीमागे आहे, मला जवळपास खात्री आहे. हातातला सेट रिपीटरला आधी 'ऊठ' असा एक छोटा संदेश पाठवतो. तो येतो तेव्हा तुमचा स्क्वेल्च बंद असतो. तो उघडेपर्यंत संदेश संपलेला असतो. पुढे बोलणं सुरू झालं तरी दर ३० मिलिसेकंदांनी सिग्नल नाहीसा होतो, आणि स्क्वेल्च बिचारा उघडू की मिटू या घोळात. डिजिटल रिपीटरमध्ये स्क्वेल्चचं कामच नसतं. डिस्क्रिमिनेटरवरून (फ्रीक्वेन्सीच्या बदलाचं व्होल्टेज करणाऱ्या भागावरून) येणारा सिग्नल, गोंगाटासकट, बोर्डाला चोवीस तास मिळाला पाहिजे. खरं काय नि गोंगाट काय, ते सिंक शब्द (ठरलेली खूण) ओळखून बोर्ड ठरवतो.

तेव्हा आता जोडणी. जीएम ३३८ च्या मागच्या २० पिनच्या सॉकेटवर २ नंबरची पिन बाहेरच्या माइकची, ती सोडून द्या. ५ नंबरची पिन आहे फ्लॅट (न गाळलेला) टीएक्स, म्हणजे पाठवायचा ऑडिओ; बोर्डाचा टीएक्स तिच्यावर. ११ नंबर आरएक्स (आलेला) ऑडिओ, तीच राहील. ३ नंबर पीटीटी, ७ ग्राउंड. पण नुसती तार हलवून भागत नाही, इथेच बरेच जण अडकतात. प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक, आरएक्स ऑडिओचा प्रकार 'फ्लॅट, अनस्क्वेल्च्ड' करा. तो मुळात 'फिल्टर्ड, स्क्वेल्च्ड' असतो. दोन, ३ नंबरच्या पिनचं काम 'डेटा पीटीटी' करा. साध्या बाह्य पीटीटीने सेट चालू झाला तर तो माइकची पिन ऐकतो, ५ नंबरला विचारतही नाही. मग माणूस टीएक्सचा पॉट (बोर्डावरचा पातळी ठरवणारा स्क्रू) फिरवत बसतो आणि म्हणतो बोर्ड जळला.

तिसरी गोष्ट: चॅनल २५ किलोहर्ट्झचं ठेवा. तुम्ही १२.५ ठेवलंय, 'डीएमआर १२.५ चं असतं' म्हणून. असतं, हवेत असतं. पण अ‍ॅनालॉग सेट १२.५ वर टाकला की त्याचं कमाल डेव्हिएशन (कॅरियर मधल्या फ्रीक्वेन्सीपासून किती सरकतो ते) २.५ किलोहर्ट्झवर बांधलं जातं, आणि डीएमआरची टोकं २.७५ पर्यंत जातात. म्हणजे शेंडे छाटले गेले. रिसीव्हरमध्येही अरुंद आयएफ (मधल्या टप्प्याचा) फिल्टर वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींना कमी-जास्त उशीर लावतो, चिन्हं एकमेकांत मिसळतात. रुंद फिल्टरने शेजारच्या चॅनलचा थोडा उपद्रव वाढेल. आपल्या हौशी बँडवर शेजारी असतो कुठे?

तुमच्या क्लबातल्या दुसऱ्या कुणाकडे जीएम ३०० असेल तर त्याचं सॉकेट १६ पिनचं, पण वर सांगितलेले नंबर तेच. त्यात आरएक्स फ्लॅट हवा की गाळलेला, हे सॉफ्टवेअरने नाही, आतल्या जेयू५५१ या जंपरने ठरतं. झाकण उघडावं लागेल. टेट टीएम८१०० मिळाला तर मी डोळे झाकून घेईन. त्यात सिग्नल कुठल्या टप्प्यावर काढायचा आणि कुठे घालायचा हे प्रोग्रॅममधूनच निवडता येतं: काढायला आर१, घालायला टी१३. झालं. एका चिपवर सगळं उरकणारे स्वस्त चिनी सेट मात्र टाळा. त्यांत खरा डिस्क्रिमिनेटर बाहेर मिळतच नाही, जे मिळतं ते आधीच शिजवलेलं असतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि हो, क्लबात हॉटस्पॉटचा (घरगुती डिजिटल केंद्राचा) छोटा बोर्ड आणि तुमचा बोर्ड यांत गोंधळ झालेला दिसतो. हॉटस्पॉटवर एडीएफ७०२१ नावाची स्वतःची रेडिओ चिप असते, तिला बाहेरचा सेट जोडायची सोयच नाही. तुमच्या बोर्डावर रेडिओ नाही. तो सेटकडून येणारं व्होल्टेज मोजतो आणि सेटला व्होल्टेज देतो. दोन्हींवरचं सॉफ्टवेअर एकाच घराण्यातलं, मूळ जोनाथन नेलर (हौशी रेडिओवरचं त्यांचं कॉल साइन जी४केएलएक्स) यांच्या कामातून आलेलं. म्हणून नावं सारखी वाटतात.

आता केबलबद्दल, कारण मी स्वतः इथे महिनाभर मार खाल्ला आहे.

माझ्या पहिल्या रिपीटरला सगळं बरोबर होतं, असं मला वाटत होतं. फ्लॅट पिना, रुंद चॅनल, चांगला बोर्ड. बीईआर चार टक्क्यांच्या खाली येईना. सेट बदलला, बोर्ड बदलला, रास्पबेरी पाय बदलला. अखेर एका रविवारी केबलच प्लगपासून उकलली, तर हूडच्या आत मीच कधीतरी सोल्डर केलेला ०.१ मायक्रोफॅरडचा पिवळा डिस्क कपॅसिटर. पूर्वी पॅकेटच्या (रेडिओवरून डेटा पाठवण्याच्या) कामासाठी केलेली केबल मी तशीच उचलून लावली होती. आकडा मांडून बघा: बोर्डाचा इनपुट १० किलोओम धरला तर ०.१ मायक्रोफॅरड १५९ हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवायला लागतो. तिथे १० मायक्रोफॅरडचा घातला की तीच सीमा १.६ हर्ट्झवर जाते. कपॅसिटर बदलला, बीईआर ०.३ वर आला. दहा रुपयांचाही माल नव्हता तो. तुमच्या केबलमध्ये, बोर्डावर आणि सेटच्या आत, वाटेत कुठे कुठे कपॅसिटर बसलाय ते आधी बघा. इलेक्ट्रोलायटिक घालाल तर त्याची धन बाजू जास्त डीसी असलेल्या टोकाला. मीटर लावून बघायचं, अंदाजाने नाही.

यानंतर डेव्हिएशन. सर्व्हिस मॉनिटर नाही म्हणून तुम्ही 'कानाने जुळवलं' असं लिहिलंय. ते वाचून मी चहा बाजूला ठेवला. मॉनिटर लागत नाही. आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला लावायचा स्वस्त रिसीव्हर) आणि डमी लोड (अँटेनाच्या जागी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) पुरे, फक्त गणित वापरायचं.

एमएमडीव्हीएमकॅल (बोर्ड जुळवण्याचा प्रोग्रॅम) चालवा आणि मोठं डी दाबून डीएमआर डेव्हिएशनचा मोड घ्या. बोर्ड मग +३, +३, −३, −३ अशी चिन्हं सलग पाठवतो, आणि फिल्टरमधून निघताना त्याचा १,२०० हर्ट्झचा स्वच्छ साइन होतो. त्याचं शिखर २.७५ किलोहर्ट्झवर बसवायचं आहे. आता एफएमचा एक गुणधर्म असा, की डेव्हिएशन भागिले टोनची फ्रीक्वेन्सी हा आकडा २.४०५ झाला की मधला कॅरियर नाहीसा होतो. १,२०० गुणिले २.४०५ म्हणजे २,८८६ हर्ट्झ. तर डमी लोडवर कमी पॉवरने ट्रान्समिट करा, डोंगल दोन-तीन मीटर लांब ठेवा, त्याचा गेन इतका उतरवा की स्पेक्ट्रमचा तळ स्वच्छ दिसेल. टीएक्सचा पॉट अगदी खालून हळूहळू वाढवत जा. आधी मधे एकच सुळका, मग दोन्ही बाजूंना १,२०० हर्ट्झच्या अंतरावर पिल्लं फुटतात, ती मोठी होत जातात आणि मधला सुळका खचत जाऊन एका क्षणी गडप होतो. तिथे थांबा. पहिल्यांदा गडप होतो तिथेच; पुढे गेलात तर तो परत उगवतो आणि पुन्हा बुडतो, त्याला फसू नका. ही झाली २,८८६. आपल्याला २,७५० हवी, म्हणजे त्याच्या ९५ टक्के. पॉट सोडा, कारण पॉटने पाच टक्के कुणाच्याच हाताला जमत नाहीत. टीएक्सलेव्हल हा सॉफ्टवेअरमधला आकडा पाच टक्क्यांनी उतरवा: ५३ वर गडप झालं असेल तर ५०.५ करा. पॉट असा ठेवायचा की हा आकडा पन्नासच्या आसपास राहील, दोन्हीकडे हलायला जागा मिळते.

डेव्हिएशन बरोबर आलं म्हणजे ट्रान्समीटर बरोबर, असं नाही. आता एल दाबा, ८० हर्ट्झचा स्क्वेअर वेव्ह जाईल. दुसऱ्या सेटच्या फ्लॅट पिनवर ऑसिलोस्कोप लावून बघा. साधा दोनशे किलोहर्ट्झचा खेळण्यातला स्कोप चालेल, किंवा डोंगलवर डिमॉड्युलेट करून साउंड एडिटरमध्ये लाट बघा, फक्त डीएम्फसिस आणि हायपास दोन्ही बंद हवेत. माथा सपाट दिसला तर सुटलात. माथा उताराला लागून खाली घसरत असेल तर खालच्या फ्रीक्वेन्सी कुठेतरी मरताहेत. केबल आधीच तपासली असेल तर आता संशय सिंथेसायझरवर (सेटची फ्रीक्वेन्सी तयार करणाऱ्या भागावर). सिंथेसायझरच्या लूपचं कामच मुळी व्हीसीओला (व्होल्टेजने फ्रीक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरला) जागेवर बांधून ठेवणं. तुम्ही व्हीसीओ सावकाश हलवायला गेलात की लूप त्याला परत ओढतो. म्हणून चांगल्या व्यावसायिक सेटमध्ये मॉड्युलेशन दोन ठिकाणी देतात: झपाट्याचं व्हीसीओला, सावकाशचं संदर्भाच्या बाजूला. दोन्हींचं प्रमाण बिघडलं की माथा कलतो. जीएम ३३८ च्या ट्यूनर सॉफ्टवेअरमध्ये याला ट्रान्समिट डेव्हिएशन बॅलन्स किंवा कॉम्पेन्सेशन म्हणतात: ८० हर्ट्झ आणि ३ किलोहर्ट्झ या दोन टोनना सारखंच डेव्हिएशन येईपर्यंत आकडा हलवायचा. टॅक्सीत फक्त बोलण्यासाठी वापरलेल्या सेटवर ही गोष्ट बिघडलेली असली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

जुन्या, क्रिस्टलवर चालणाऱ्या फेज मॉड्युलेटरच्या सेटमध्ये ही दुरुस्ती होत नाही. ते सरळ अ‍ॅनालॉग रिपीटरला ठेवा.

रिसीव्हची बाजू त्यामानाने सोपी. बोर्डाचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ० ते ३.३ व्होल्ट बघतो, मधोमध १.६५ ला बसलेला. डिस्क्रिमिनेटरचा निव्वळ गोंगाट खऱ्या सिग्नलपेक्षा बराच मोठा असतो, हे लक्षात घेऊन आरएक्सचा पॉट ठेवा, नाहीतर गोंगाटाच्या धक्क्याने ऑप-अँप टोकाला जाऊन आदळतो आणि पुढचा स्लॉट सुरू होईपर्यंत सावरत नाही. मग एमएमडीव्हीएमकॅलमध्ये लहान बी दाबून बीईआरचा मोड घ्या, हँडहेल्ड सिम्प्लेक्सवर (रिपीटरविना, एकाच फ्रीक्वेन्सीवर), कलर कोड १, कमी पॉवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. काहीच डीकोड होत नसेल तर आरएक्स इन्व्हर्ट उलटवून बघा. यात एक गंमत आहे: डीएमआरमध्ये आवाजाचा सिंक शब्द आणि डेटाचा सिंक शब्द एकमेकांचे नेमके उलटे आहेत. त्यामुळे ध्रुवता चुकली तर बोर्ड अगदीच आंधळा होत नाही, आवाजाला डेटा समजतो. दिवे लुकलुकतात, काहीतरी येतंय असं वाटतं, हाती काही लागत नाही. माणूस लेव्हलच्या मागे लागतो आणि दोष एका टिकमार्कात असतो.

जवळच्या दमदार सिग्नलवर बीईआर अर्ध्या टक्क्याच्या आत आला पाहिजे. एक टक्का चालवून घेईन. सेटचे उत्पादक संवेदनशीलता मोजतात ती पाच टक्के बीईआरवर, म्हणजे तुमचे सहा-आठ टक्के हे टेबलावर बसल्या बसल्या रेंजच्या काठावर असल्यासारखे होते.

फ्रीक्वेन्सीकडे मात्र कुणी बघत नाही. दोन शेजारच्या चिन्हांमधलं अंतर १,२९६ हर्ट्झ, म्हणजे निर्णयाची रेघ प्रत्येकापासून ६४८ हर्ट्झवर. ४३५ मेगाहर्ट्झवर १.५ पीपीएमची (दशलक्षात दीड भागाची) चूक म्हणजे ६५२ हर्ट्झ. आकडे शेजारी ठेवून बघा! रिसीव्हर ही सरक ओळखून सावरून घेतात, म्हणून जवळच्या सिग्नलला काही कळत नाही. पण कमजोर सिग्नलवर तेवढी ताकद वाया जाते. रिपीटरचे दोन्ही सेट चांगल्या काउंटरवर, अर्धा तास गरम झाल्यावर, शंभर हर्ट्झच्या आत बसवा. बोर्डावरचा १२ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर टीसीएक्सओच (तापमान बदललं तरी न सरकणारा) हवा, साधा क्रिस्टल नको. चिन्हांचं घड्याळ त्याच्यावर चालतं.

उष्णतेचं थोडक्यात. टॅक्सीतला माणूस दहा सेकंद बोलून मिनिटभर ऐकतो, सेट त्याच हिशोबाने बनवलेला आहे. रिपीटर गप्पांच्या वेळी अर्धा अर्धा तास सलग तापतो. २५ वॉटचा सेट ८ ते १० वॉटवर चालवा, फिनवर पंखा लावा, तो सतत चालू ठेवा. समोरच्याला २५ आणि १० मधला फरक ४ डीबीचा, म्हणजे जेमतेम जाणवणारा. तुमच्या फायनल ट्रान्झिस्टरला तो आयुष्याचा फरक आहे.

डुप्लेक्सरवर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरवर) मात्र जरा थांबतो, कारण तुम्ही बाजारातला सहा कॅव्हिटीचा (फिल्टरच्या धातूच्या पोकळ्यांचा) मोबाइल डुप्लेक्सर मागवायच्या बेतात आहात. ते बहुतेक पाठवायच्या आणि ऐकायच्या फ्रीक्वेन्सीतल्या ५ किंवा १० मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी असतात, व्यावसायिक जोड्या तशा असतात म्हणून. भारतात आपल्याला यूएचएफवर मिळतो ४३४ ते ४३८, अख्खा पट्टाच ४ मेगाहर्ट्झचा. त्यात ५ चं अंतर बसणारच नाही. विक्रेता म्हणेल 'साहेब, ट्यून करून देतो'. देईल, पण अंतर ३ वर आणलं की फिल्टरच्या खाचा एकमेकींच्या अंगावर येतात, आयसोलेशन (दोन्ही बाजूंमधला अडसर) घटतं आणि आत जाणारी पॉवर वाटेत मुरते. मागवायचाच असेल तर तुमच्या दोन नेमक्या फ्रीक्वेन्सी देऊन, आयसोलेशनचा आलेख आधी मागून घ्या. नाहीतर दोन अँटेना वापरा, एकीच्या बरोबर वर दुसरी. ४३५ वर सहा मीटरचं उभं अंतर नेहमीच्या सूत्राने साधारण ६५ डीबी देतं, वर रिसीव्हरला एक चांगली कॅव्हिटी जोडली की काम होतं. मनोरा नसेल तर हे कठीण, मान्य. दोन मीटरवर ६०० किलोहर्ट्झच्या अंतरासाठी मोठ्या कॅव्हिटींना पर्याय नाही, त्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

डिसेन्स (स्वतःच्या ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बहिरा होणं) तपासायची माझी रीत अशी: लांबच्या हँडहेल्डवर, डमी लोडवरून, बीईआर दोन टक्क्यांच्या आसपास येईल इतका कमजोर सिग्नल आणायचा. मग ट्रान्समिट सेटच्या पीटीटीची तार हाताने ग्राउंडला टेकवायची आणि स्क्रीनकडे बघायचं. आकडा हलला नाही तर उत्तम. दोनाचे दहा झाले तर आधी डुप्लेक्सरला शिव्या देऊ नका; दोन सेटमधल्या आरजी-५८ केबलच्या तुकड्यांकडे बघा, त्यांच्या जाळीतून भरपूर गळतं. तिथे आरजी-४०० घाला. आणि हीच चाचणी रास्पबेरी पाय बंद-चालू करूनही करा. ५ व्होल्टचा स्वस्त कन्व्हर्टर रिसीव्हरच्या शेजारी बसवल्यावर एकदा माझा सगळा गोंगाट तिथूनच येत होता. पाय, बोर्ड आणि कन्व्हर्टर वेगळ्या पत्र्याच्या डब्यात, तारा फेराइटमधून.

परवान्याचं तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलंय. खरं तर ते आधी. १९७८ च्या हौशी सेवा नियमांखाली तुमचा-माझा परवाना आहे, पण डोंगरावर माणसाविना चालणाऱ्या रिपीटरसाठी क्लबाने डब्ल्यूपीसीकडून (केंद्र सरकारच्या वायरलेस परवाना विभागाकडून) स्वतंत्र परवानगी काढायची असते, आणि हे जुने सेट कुणाकडून, कुठल्या कागदावर आले त्याची नोंद क्लबाकडे असली पाहिजे. टॅक्सीवाल्यांचे चॅनल सेटमधून पुसून टाका, एकही ठेवू नका. इंटरनेटने नेटवर्कला जोडणं हा वेगळा विषय आहे. परवानगीत ते स्पष्ट लिहिलेलं नसेल तर रिपीटर स्थानिकच चालवा. तसाही पहिले सहा महिने तो स्थानिकच ठेवा असं मी म्हणेन, म्हणजे बिघाड हवेतला की नेटवर्कमधला हा वाद तरी होणार नाही.

वर नेण्याआधी दोन आठवडे तो कुणाच्या तरी गच्चीवर चालू द्या, दुपारच्या उन्हातसुद्धा. सह्याद्रीवर जून ते सप्टेंबर तुम्हाला वर जायला मिळणार नाही, त्यामुळे कनेक्टर एन टाइपचे, आपोआप चिकटणाऱ्या रबर टेपने गुंडाळलेले, आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक वळसा, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. तिसरा जीएम ३३८ मिळाला तर त्यात तेच प्रोग्रॅमिंग भरून तो डब्यात ठेवा. डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा: टीएक्सलेव्हल, आरएक्सलेव्हल, कोणतं इन्व्हर्ट चालू, कोणतं बंद, पिनांचे रंग, बसवल्या दिवशीचा बीईआर. पेन्सिलीने लिहा, शाई पहिल्याच पावसाळ्यात उतरते.